रान सोडा, घरी चला

न्हाई ताई, ते एक सोडून काय बी सांगा. काच बसवली, कव्हर घातलं, आईला वाचता येत नसलं तर घरच्यांचे नंबर फोटोसकट टाकून देतो, तोंड बघून फोन लावता येईल — पर ते इजेचं ॲप मी टाकत न्हाई. दुकानाचा नियम न्हाई, माझाच हाय. शेजारचा झेरॉक्सवाला टाकून देईल, दोन मिनिटांचं काम हाय. रागावलो न्हाई हो, माझं बोलणंच असं झालंय. बसा ना. किनवटकडची गाडी पन्नास मिनिटं लेट लावलीय, आन् मुदखेडात पन्नासचे सत्तर व्हायला काय लागत न्हाई. फलाटावर नुसतं ऊन हाय. बसा, पंखा तुमच्याकडं करतो.

खोटं हाय का ते ॲप, म्हणता? न्हाई न्हाई, खोटं न्हाई. आता तर लई चांगलं हाय, छातीवर हात ठिवून सांगतो. मला कसं माहीत — मी होतो ना तिथं. दोन वर्षं सात महिने. आता इथं काचा बसवायलो ते सोडा, लातूरला कंप्युटरचं शिकलेला माणूस हाय मी. आदिनाथ नाव, गाव चाकूरपशी. नांदेडात एका नीटच्या क्लासच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं, सहा माणसं आन् एक कुलर. मालक शिवकुमार सर, उदगीरचे — मालक म्हणलेलं त्यांना आवडायचं न्हाई. त्यांच्या डोक्यात एकच होतं. आपल्याकडं दर साली इजेनं माणसं मरत्यात, रानात, काम करता करता. आन् ढग कुठल्या गावाकडं निघालाय ते यंत्रांना अर्धा तास आधी कळतं. मग जी बाई तिथं कापूस येचायली तिला का कळू नये? फोन तर हाय तिच्याकडं. एवढीच गोष्ट. ढग निघाला की आमच्याकडून त्या गावच्या फोनांना निरोप जायचा आन् फोनानं बोंबलायचं. तुमची आई फुलं तोडायला जाती म्हणलात ना — तिच्यासारख्यांसाठीच केलं होतं ते.

आता बोंबलायचं तर कसं? आधी भोंगा ठिवला होता, तर लोकांना वाटायचं ॲम्ब्युलन्स आली, रस्त्याकडं बघायचे. मग एका बाईचा आवाज घेतला, पुण्याकडची होती, बोलणं एकदम साफ — कृपया सुरक्षित स्थळी आश्रय घ्यावा. शिवकुमार सर म्हणले, आश्रय म्हणजे काय ते कळंस्तोवर ईज पडून जाईल, गावचं कुणीतरी बोला. मग मी बोललो. डोक्यावरून दोन चादरी घेऊन, फायलींच्या कपाटापशी उकिडवं बसून — का, तर खाली क्लासचे सर माईकवर बेडकाचं काळीज शिकवायले होते, ते आत येत होतं. मी म्हणलं, ईज यायली, ईज. रान सोडा, घरी चला. पाच येळा म्हणलं, त्यातलं तिसरं घेतलं. आज बी तेच हाय. ॲप टाकलं की नमुना म्हणून एकदा वाजतं ते, आपोआप, बंद करता येत न्हाई — मीच म्हणलं होतं बंद करता येऊ नये. म्हणून मी टाकत न्हाई ताई. मला ऐकायचं न्हाई ते.

हाव, माझाच आवाज. ह्याच तोंडाचा.

तसं माझं काम आवाजाचं नव्हतंच, माझं काम तपासायचं. भिंतीला एक लाकडी फळी, तिच्यावर बारा फोन, बारा जातींचे, गावात चालत्यात तसले स्वस्तातले. प्रत्येकाला वायर, आन् सगळ्या वायरी एका कंप्युटरला. आता रोज बारा फोन हातानं कोण बघत बसंल? म्हणून मी कंप्युटरलाच शिकवलं होतं. सकाळी आलं की एक बटन दाबायचं. कंप्युटर वायरीतून फोनाच्या आत शिरायचा आन् म्हणायचा, समज आता इजेचा निरोप आलाय, बघू तू काय करतो. की फोन उठलाच — पडदा लाल, अंग थरथरायलं आन् माझा आवाज. बाराच्या बारा फोन एकदम. कुणी हात लावलेला न्हाई, आन् फळीवरून बारा आदिनाथ वरडायलेत, ईज यायली, ईज. पहिल्या दिवशी आम्ही लई हसलो. क्लासचे सर जिना चढून वर आले, म्हणले लेकरं दचकायलीत. मग मी आवाज बंद करायला लावला. फोनानं मनातल्या मनात बोंबलायचं आन् कंप्युटरला कळवायचं की बोंबललो. पडद्यावर हिरवी टिक यायची. बारा फोन, बारा टिका, चार मिनिटांत सगळं. मी तवर खालून चहा घेऊन यायचो. बाकीचं काय काय कधी लाल व्हायचं, नकाशा म्हणा, गावांची नावं म्हणा — पर इजेचं ते एक कायम हिरवं. कायम.

ते कायम हिरवं होतं तिथंच मी थांबून बघायला पाहिजे होतं. असो.

माझ्या मायच्या फोनात मीच टाकलं ते. गेल्या पोळ्याला गावी गेलतो तवा. केवळाबाई तिचं नाव. तुम्हाला काय सांगू, माझी माय इजेला जेवढी भ्यायची तेवढं चाकूर तालुक्यात कुणी भेत नसंल. आभाळ नुसतं काळं झालं, अजून थेंब न्हाई, गडगड न्हाई, की ही विळा टाकून घराकडं निघाली. आमचे बाबा हसायचे, म्हणायचे केवळा ढगाला सासू समजती. अर्धं काम टाकून येती म्हणून बाया बी चिडवायच्या. आन् त्या दिवशी मी ॲप टाकलं, नमुना वाजला — ईज यायली, ईज, रान सोडा, घरी चला — तर चुलीपशी बसली होती ती, दचकून माझ्याकडं बघितलं. माझं तोंड तर बंद. मग फोनाकडं बघितलं. म्हणली, आद्या, तूच हायस का रे ह्यात? म्हणलं हाव माय. म्हणली, अजून एकदा लाव. लावलं. चार-पाच येळा ऐकलं असंल तिनं. मग शेजारच्या गुरम्मा काकूला बोलावून आणलं, तिला ऐकवलं, म्हणली, माझा लेक नांदेडात बसून मला हाक मारतो बघ आता. तिथून पुढं बाया काय म्हणल्या तर ती म्हणायची, आता काय भ्यायचं, आद्या सांगतो ना. बाबांनीच मला फोनवर सांगितलं हे, कौतुकानं. म्हणले, तुझ्या मायची भीती गेली बघ. मला बी बरं वाटलं. खरं सांगतो, लई बरं वाटलं. पगार झाल्यावर बी तसं वाटत न्हाई.

पाणी देऊ का? न्हाई? बरं.

दसरा होऊन पाच दिवस झाले होते. सोयाबीन काढून झालतं, बनीम लावायचं चाललं होतं — बनीम म्हणजे आपला तो ढीग, तुमच्याकडं काय म्हणत्यात? हाव, तेच. बाबा मळणीयंत्राचं बघायला चाकूरला गेलते. रानात माय आन् गुरम्मा काकू दोघीच. जेवून उठल्या. मायचा फोन भाकरीच्या पिशवीत, पिशवी बांधावर, दगडाच्या सावलीला. तीनच्या आसपास आहमदपूरच्या अंगाला आभाळ काळं झालं. आमच्या कंप्युटरनं निरोप धाडला तीन वाजून दहा मिनिटांनी, मी नंतर बघितलं ते, सेकंदासकट बघितलं. काकू म्हणली, केवळा, चल, कोठ्यात जाऊ. बैलांचा कोठा काय, दोनशे पावलांवर. पूर्वीची माय असती तर काकूच्या आधी पळाली असती. ती बनीमीवर मेणकापड वढत होती. म्हणली —

काय म्हणली ते काकूनं मला तेराव्याच्या दिवशी सांगितलं. तवर मला वाटत होतं की ती निघाली असंल आन् वाटंतच गाठलं असंल. बाबांनी बी तसंच सांगितलं होतं. तेराव्याला पंगत बसली होती, मी वाढत होतो, काकू मला बाजूला घेऊन म्हणली, लेकरा, तुला सांगू का नको म्हणून बारा दिवस झोपले न्हाई मी. मी तिला म्हणलं होतं चल. ती म्हणली, 'तू हो पुढं. आद्यानं अजून हाक मारली न्हाई. त्यानं हाक मारली की येते.'

माझ्या हातात वरणाची बादली होती. पंगतीत परत गेलो, वाढत राहिलो. एकजण म्हणला बस बस, तरी वाढत होतो.

काकू कोठ्यात पोचली, वळून बघितलं तर माय मेणकापडाच्या टोकावर दगड ठिवायला वाकली होती. तीन चाळीसला. मोकळ्या रानात. पुढचं न्हाई सांगत. बाबा सव्वाचारला टेम्पो घेऊन आले, मळणीवाल्याचाच टेम्पो, दोघातिघांनी तिला उचलून ठिवलं. आन् बाबांनी बांधावरची पिशवी उचलली. का उचलली काय माहीत, माणूस असल्या येळेला काय बी उचलतो. पिशवी हलली आन् फोन वाजला.

हाव. तवा वाजला. ईज यायली, ईज. रान सोडा, घरी चला.

त्याला बंद करायला पडद्यावर एक बटन हाय, 'समजलं' असं लिहिलेलं. ते दाबंस्तोवर वाजतच ऱ्हातं — म्हणलं ना, मीच म्हणलं होतं. बाबांना वाचता येत न्हाई, काकूला येत न्हाई, टेम्पोवाला गाडी चालवायला होता. चाकूरच्या दवाखान्यापर्यंत बारा-तेरा किलोमीटर माझा आवाज चालू. बाबांना वाटलं माझाच फोन आलाय. त्यांनी तो कानाला लावला. काकू सांगत होती, ते माझ्याशी बोलत होते — आद्या, लवकर ये रे, तुझी माय बोलत न्हाई, लवकर ये. आन् मी आपला एकच म्हणायलो, घरी चला, घरी चला. शेवटी दवाखान्यातल्या एका सिस्टरनं त्यांच्या हातातून फोन घेऊन बंद केला. बाबा तिच्यावर रागावले म्हणं, पोराशी बोलायलो तर फोन का घेतला.

ऱ्हाऊ द्या ताई, रडू नका. गिऱ्हाईक येईल, म्हणंल काय केलं ह्यानं पोरीला. हे घ्या, हे फडकं साफ हाय, काच पुसायचं हाय.

चौदाव्या दिवशी मी नांदेडला आलो. बॅग ठिवली आन् फळीवरच्या बाराच्या बारा वायरी उपटल्या. फोन खिडकीत ओळीनं मांडले, समोर खुर्ची घेऊन बसलो. तासभर हात लावला न्हाई. सगळे बघायले, सुतकात पोरगं बिघडलं म्हणून. तासानं मी खरा निरोप धाडला, वायरीतून नव्हे, जसा रानात जातो तसा, हवेतून. तीन फोन वाजले. तीन. बाकीचे नऊ नुसतेच काळे, आपापल्या जागी. एक वीस मिनिटांनी वाजला, एक चाळीसनं. एक तर मी हातात उचलला तवा वाजला. आमच्या मायच्या फोनासारखाच होता तो, त्याच कंपनीचा, त्याच रंगाचा.

कसं हाय ताई, वायर लावलेली असली की फोन झोपत न्हाई. खायला मिळतंय, मग जागा ऱ्हातो. वायर काढून एका जागी ठिवला, तासभर कुणी हलवला न्हाई, की बॅटरी वाचवायला झोपतो. स्वस्तातला असंल तर लई गाढ झोपतो. निरोप आला तर म्हणतो, ऱ्हाऊ दे दारात, उठल्यावर बघतो. आन् मी दोन वर्षं काय करत होतो? जाग्या माणसाला हलवायचं, तो हूं म्हणला की लिहायचं — उठला. रानातला फोन वायरीला असतो का? पिशवीत असतो, बांधावर. हे कळायला शिकावं लागतं का? माझी माय अडाणी होती, तिला इचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की फोन पिशवीत असतो म्हणून.

तपासता येत नव्हतं असं न्हाई. कंप्युटरवरूनच सांगता येतं फोनाला — समज वायर न्हाई, समज तास झाला कुणी हात लावला न्हाई, झोप आता. झोपला का ते बघायचं, मग निरोप धाडायचा. चार ओळी लागत्यात. मला माहीत होतं. मी वाचलेलं होतं, माझ्या वहीत लिहिलेलं होतं — नंतर करणे. त्याच्याखाली बाकीचं बी होतं, बटनाचा रंग, गावाच्या नावातलं शुद्धलेखन. ते सगळं केलं मी. रंग बदलला, नावं सुधारली.

शिवकुमार सरांना खिडकीपशी नेऊन दाखवलं. मायचा फोन उशिरा वाजला ते बी सांगितलं. त्यांनी एक-एक फोन हातात घेतला, परत ठिवला, आन् फरशीवरच बसले. गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून बसले होते. म्हणले, आदिनाथ, ॲप लोकांना द्यायच्या कागदावर सही माझी बी हाय. वाईट माणूस न्हाई तो. ॲप बंद ठिवलं एकोणीस दिवस, सगळ्या लोकांना कळवलं की ह्याच्यावर इसंबू नका, आन् त्या एकोणीस दिवसांत आम्ही ते आतून बदललं. आता ॲप टाकताना ते फोनालाच सांगून ठिवतं की तू झोप, पर माझ्यासाठी एक कान उघडा ठिव. आन् ती फळी — आता रोज सकाळी कंप्युटर आधी बाराच्या बारांना झोपवतो, खरंच झोपलेत का बघतो, मग हाक मारतो. त्या चार ओळी मीच लिहिल्या. ज्या दिवशी बारा हिरव्या आल्या त्या दिवशी मी राजीनामा दिला. सर म्हणले, तू गेलास तर दुसरा असा तपासणारा मला मिळणार न्हाई. मी म्हणलं, असा मिळू नये सर.

म्हणून सांगतो, ॲप चांगलं हाय. टाका आईच्या फोनात. पर आईला एक सांगा — आभाळ काळं दिसलं की निघायचं. फोन वाजायची वाट बघायची न्हाई. वाजला तर वाजला, न वाजला तर न वाजला, डोळ्यानं दिसलं की निघायचं. माझ्या मायला जी भीती होती ना, ती बरी होती. मी घालवली ती.

बाबा? हायत. गावीच हायत, सटवाजी नाव त्यांचं, एकटेच करून खात्यात. मायचा फोन आता तेच वापरत्यात. ते ॲप काढू देत न्हाईत. म्हणत्यात, त्यात तू हायस. त्यांना वाटतं मी नांदेडातच हाय, त्याच ऑफिसात — इथलं सांगितलं न्हाई अजून. परवा त्यांचा फोन आलता. आवाज एकदम हलका होता, किती दिसांनी. म्हणले, आद्या, आज वाजला बघ तुझा फोन. वळवाचं आभाळ आलतं, मी नांगरटीत ढेकळं फोडायलो होतो, फोन पिशवीत होता, तरी वाजला. मी तसाच निघालो. घरी येऊन टेकलो न टेकलो तर गावालगत, गावंदरीत ईज पडली, बाभळ चिरली. कुणाला काय झालं न्हाई. चांगलं काम हाय रे तुझं, सोडू नको.

मी म्हणलं, हाव बाबा.

मग म्हणले, रागानं न्हाई, खरंच रागानं न्हाई, एखाद्याला रस्ता इचारावा तसं म्हणले — 'त्या दिवशी का वाजला न्हाई रे मग?'

मी म्हणलं, रेंज नसंल बाबा.

म्हणले, हाव, तसंच असंल. त्या बांधाला रेंज जातीच. तू मनाला लावून घेऊ नको. मलाच समजवायले.

न्हाई न्हाई, तुम्ही पण तसंच म्हणू नका ताई. रेंज होती. तीन वाजता गुरम्मा काकू त्याच बांधावर बसून निलंग्याच्या लेकीशी बोलत होती, पंधरा मिनिटं, एक शब्द तुटला न्हाई. मला माहीत होतं रेंज होती. माझ्या तोंडातून ते आपोआप निघालं, का तर ते मी एकदा म्हणलेलं होतं. तेच वाक्य. आधी.

कुणाला म्हणजे — मलप्पा म्हणून एक शेतकरी, देगलूरकडचा. अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचा. दसऱ्याच्या आधी, गणपती बसले होते तवा, त्याचा फोन आलता ऑफिसला. तक्रारींचे फोन मीच घ्यायचो. म्हणला, साहेब, माझा बैल गेला इजेनं, लिंबाखाली बांधला होता. मी म्हणलं वाईट झालं काका. म्हणला, ते हाय, पर तुमचा फोन नंतर वाजला. बैल पडला, मी पळत गेलो, दावं सोडलं, परत येऊन खाटंवरचा फोन उचलला, तवा वाजला. हातात घेतल्यावर. बैल गेला तर गेला साहेब, पर तुम्ही बघा जरा.

हातात घेतल्यावर म्हणला तो. माझ्यापशी लिहिलेलं होतं ते, त्याच्या शब्दात. हातात घेतल्यावर वाजला. त्यानं मला पुरं सांगितलं होतं, काय झालं, कसं झालं. मी काय केलं — मी बटन दाबलं. बाराच्या बारा हिरव्या. चार मिनिटं. रजिस्टरला लिहिलं, तपासले, दोष नाही. आन् त्याला फोन करून म्हणलं, रेंज नसंल काका तुमच्याकडं. तो म्हणला, असंल साहेब, तुम्ही शिकलेले लोक, तुम्हाला कळतं. उलट मला म्हणला, तसदी दिली तुम्हाला.

त्याच्यानंतर महिन्याभरानं माय गेली. महिना होता माझ्याकडं. चार ओळींसाठी एक महिना.

न्हाई, कुणालाच सांगितलं न्हाई. शिवकुमार सरांना बी न्हाई. त्यांना वाटतं आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं न्हाई, सगळ्यांची मिळून चूक झाली. ते रजिस्टर येताना मी घेऊन आलो, खोलीवर हाय. मलप्पाला फोन लावला होता एकदा, उचलला त्यानं, हॅलो हॅलो म्हणला, मी ठिवला. आज तुम्हाला सांगून बसलो, का काय माहीत. आईचा फोन घेऊन आलात म्हणून असंल. तुम्ही ओळखीच्या न्हाईत म्हणून असंल.

काय?

बाबांना सांगू म्हणता?

ताई, गाडीचा पुकारा झाला. हा तुमचा फोन, हे बिल, चार्जर पिशवीत टाकलाय. जावा तुम्ही. फलाट दोन हाय, पूल चढून जावं लागतं. जावा.